सूचना देणाऱ्या शैलाताई

शैलाताई दिघे फळवाल्याकडे कधी नुसती पपई मागत नसत. गुरुग्रामच्या सिकंदरपूर मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली एक हातगाडी उभी असे. संध्याकाळी ऑफिसं सुटली की तिथे झुंबड उडायची. लोक लांबूनच "भैया, एक अच्छा सा दे दो" म्हणत, फोनवरून पैसे देत आणि पळत. शैलाताई मात्र गाडीसमोर नीट उभ्या राहायच्या, पर्स खांद्यावर सरकवायच्या आणि सांगायला लागायच्या, "भैया, पपीता आज नहीं काटना है, परसों सुबह काटना है. घर में सास हैं, उनके दाँत नहीं हैं. फीका निकला तो मुँह फेर लेंगी और मुझे दिन भर सुनाएँगी. अब तुम बताओ, कौन सा ले जाऊँ?"

फळवाला हातातली पपई खाली ठेवायचा आणि मागच्या टोपलीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुसरीच काढून द्यायचा.

"इतकं सगळं कशाला सांगता त्याला?" मी एकदा विचारलं.

"अगं, 'अच्छा' म्हटल्यावर तो काय देणार? त्याला जो आज विकायचाय तोच अच्छा. पपईतलं त्याला माझ्यापेक्षा दसपट कळतं. पण माझ्या सासूबाईंबद्दल त्याला काय माहीत? ते मलाच सांगायला हवं ना, यार!"

साठी ओलांडलेल्या शैलाताई आम्हां पंचविशी-तिशीतल्यांना बिनधास्त 'यार' म्हणत. जन्म दिल्लीतला, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, लहानपण सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसत. आता त्या पटपडगंजच्या एका सोसायटीत राहत होत्या आणि तिथून दोन मेट्रो बदलून गुरुग्रामला आमच्या ऑफिसात येत होत्या. ग्रे केसांचा बॉबकट, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. "मेट्रोत उभं राहायचं तर पायांशी दोस्ती हवी," असं त्यांचं म्हणणं.

मी जालन्याची. नाव रूथ साळवे. दिल्लीला आले ती नागरी सेवा परीक्षेसाठी. सगळे प्रयत्न संपले, यादीत नाव लागलं नाही, आणि परत जाण्याआधी चार महिने काढावेत म्हणून या कंपनीत मराठी लेखिका झाले. आमचं काम असं होतं, की आरोग्याविषयीचे छोटे संदेश तयार करायचे आणि ते रेकॉर्ड होऊन खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या फोनवर जायचे. मी रुजू झाले त्याच सुमारास आमचा बॉस करण यानं एआयचं साधन आणलं आणि जाहीर केलं, की आता पहिला मसुदा मशीन लिहील, तुम्ही तो सुधारायचा. करण गुरुग्राममध्येच वाढलेला पंजाबी मुलगा. मनानं चांगला, पण नेहमी घाईत.

पहिल्याच आठवड्यात मी रडकुंडीला आले. उष्माघातावर एक संदेश हवा होता. मी मशीनला लिहिलं, 'उष्माघाताविषयी सोप्या मराठीत माहिती दे.' उत्तर आलं, 'उष्माघात ही एक गंभीर वैद्यकीय स्थिती असून त्यामध्ये शरीराच्या तापमानाचे नियमन बिघडते.' मी पुन्हा लिहिलं, 'अजून सोपं कर.' मग 'गंभीर'च्या जागी 'मोठी' आलं. तिसऱ्यांदा 'खूपच सोपं कर' म्हटल्यावर त्यानं मला बालवाडीतली कविता करून दिली.

शेजारच्या टेबलावरच्या शैलाताई माझ्या स्क्रीनकडे पाहत होत्या. त्यांनी खुर्ची सरकवून जवळ आणली.

"हे कोण ऐकणार आहे?"

"रोजगार हमीच्या कामावरच्या बायका."

"कधी?"

"सकाळी, घरातून निघताना. फोन लावतात आपले लोक."

"मग त्या उभ्या असतील, एका हातात डबा. किती वेळ ऐकतील?"

"मिनिटभर. तेवढंसुद्धा नाही."

"आणि कामावर त्यांच्याकडे काय असतं? पंखा?"

मला हसू आलं. "पंखा कुठला? एखादं बाभळीचं झाड असतं. पाण्याची बाटली, डोक्याला बांधायला फडकं. आणि मुकादम."

"अच्छा. हे सगळं तुझ्या डोक्यात होतं, आणि तू त्याला चार शब्द दिलेस?" त्या म्हणाल्या. "तो काय अंतर्यामी आहे?"

मग त्यांनी जे केलं ते मी पुढे अनेकदा पाहिलं. कीबोर्डपासून हात दूर, खुर्ची जरा मागे, डोळे मिटलेले. समोर कुणी माणूस बसला आहे असं धरून त्या मोठ्यानं बोलू लागल्या. ऐकणारी कोण, ती कुठे उभी आहे, तिच्याजवळ काय आहे आणि काय नाही, तिनं फोन ठेवल्यावर नेमकं काय करायला हवं. "व्याख्या सांगू नकोस, ती परीक्षेला बसलेली नाही. घाबरवू नकोस. एसीचं नाव काढू नकोस. पन्नास-साठ शब्दांत संपव, आणि सुरुवात अशी कर की तिला वाटलं पाहिजे, ओळखीचं कुणीतरी बोलतंय." मी ते जसंच्या तसं टाइप केलं, त्यांच्या 'अच्छा' आणि 'यार'सकट.

या वेळी उत्तर आलं ते असं: 'मावशी, निघालात का कामावर? बाटली भरून घेतली ना? आज ऊन कडक आहे. तहान लागायची वाट बघू नका, मधूनमधून घोटभर पाणी घ्या...'

दोन शब्द बदलले आणि तो संदेश तसाच रेकॉर्ड झाला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

"एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "त्याला सगळं येतं, पण माहीत काही नसतं. येणं त्याचं, माहिती तुझी."

हे त्यांना कुठून सुचलं, ते हळूहळू कळलं. शैलाताई उभा जन्म आवाजाच्या कामात होत्या. आधी रेडिओवरची नाटकं बसवली, नंतर डबिंग. लाजपतनगरच्या एका तळघरातल्या स्टुडिओत परदेशी मालिकांना, कार्टूनना, जंगलातल्या वाघसिंहांच्या माहितीपटांना हिंदी आणि मराठी आवाज द्यायचे, आणि नटांना सूचना द्यायच्या त्या शैलाताईंनी. काचेपलीकडे नट, अलीकडे या. नटाला आधीचं नाटक ठाऊक नसतं, पुढचं ठाऊक नसतं. हातात फक्त चार ओळींचा कागद.

"नवीन दिग्दर्शक काय सांगतो? 'थोडं दुःखी बोल.' बस. मग नट रडका आवाज काढतो आणि तो म्हणतो, नट बेकार आहे." एकदा एका नटाकडून बापाचं एक वाक्य काही केल्या होत नव्हतं. प्रत्येक वेळी गळा काढायचा. शैलाताईंनी माइक उघडून त्याला सांगितलं, "दुःख विसर. तुझी बायको शेजारच्या खोलीत आता कुठे झोपली आहे. तिला ही बातमी सकाळपर्यंत कळू द्यायची नाहीये. मुलगा तुझ्यासमोर उभा आहे आणि त्याला तू हे सांगतोयस. बोल." नटानं पुढच्या टेकला ते वाक्य असं म्हटलं, की रेकॉर्डिंगचा माणूस बटण बंद करायला विसरला.

"वाईट नट मला फार कमी भेटले," त्या म्हणत. "अर्धवट सूचना मात्र रोज भेटतात."

पुढे स्टुडिओतलं काम आटत गेलं आणि तळघर बंद झालं. शैलाताई काही काळ घरी बसल्या, कंटाळल्या, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून करणकडे मुलाखतीला आल्या. करण तो किस्सा स्वतःच रंगवून सांगे. मशीनला द्यायच्या सूचनेला तो प्रॉम्प्ट म्हणायचा. त्यानं विचारलं होतं, "मॅडम, प्रॉम्प्ट लिखने का कितना एक्सपीरियन्स है?" आणि शैलाताईंनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "बेटा, जब से नौकरी कर रही हूँ, यही कर रही हूँ. पहले सामनेवाला चाय भी माँगता था, ये नहीं माँगता. इतना ही फ़र्क है."

त्यांच्याजवळ बसून मी काम शिकले, पण त्यांनी मला कधी पाठ दिला नाही. त्यांच्या तोंडून चालता चालता काहीतरी निघायचं, ते मी उचलायचे. मशीनचं उत्तर पसंत पडलं नाही की मी एकदम सहा गोष्टी बदलायला सांगायचे. त्या माझा हात धरायच्या. "एका टेकला एकच बदल. सहा बदललेस आणि सुधारलं, तर कशानं सुधारलं हे तुला कधी कळणार?" मी 'गोड भाषेत लिही' असं लिहिलं की म्हणायच्या, "गोड म्हणजे? पुण्यातलं गोड वेगळं, तुमच्या जालन्यातलं वेगळं. नमुना दे ना त्याला. तुझी आई फोनवर कशी बोलते, त्यातली दोन वाक्यं दे." आलेला मसुदा त्या डोळ्यांनी वाचतच नसत, मोठ्यानं म्हणायच्या. जीभ जिथे अडखळेल तिथे बोट ठेवायच्या. मशीन प्रत्येक उत्तराआधी त्यांच्या प्रश्नाचं कौतुक करायचं, त्याचा त्यांना भयंकर राग. "हा फार हाँजी-हाँजी करतो गं," म्हणून त्यांनी कायमचं लिहून ठेवलं होतं, 'माझी तारीफ करू नकोस. चुकत असेन तर आधी ते सांग.'

त्यांच्यातही उणिवा होत्या. धीर कमी होता, मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की त्या सरळ पाणी प्यायला उठायच्या. आणि मराठी शब्द त्यांना दगा द्यायचे. 'ओटी', 'टाळू', 'दुपटं', 'अंगावर पिणं' हे शब्द त्यांनी ऐकलेले असत, पण ऐन वेळी तोंडात यायचे नाहीत. त्या निःसंकोच विचारायच्या. "रूथ, ते बाळाच्या डोक्यावरचं मऊ असतं, त्याला काय म्हणतात? हाँ, टाळू! माझ्याकडे विचारायची सवय आहे, शब्द तुझ्याकडे आहेत. आपली जोडी बरी आहे." परीक्षेच्या निकालांनी मला जे नाकारलं होतं ते या एका वाक्यानं मला दिलं. जालन्याची भाषा ही माझी उणीव नसून माझं भांडवल आहे, हे मला त्या टेबलावर कळलं.

त्या वर्षीचं आमचं मोठं काम होतं कमी वजनाच्या नवजात बाळांच्या आयांसाठीचे संदेश. दवाखान्यातून घरी गेल्यावर त्यांना फोन जायचे, पाच भाषांत. शैलाताईंनी मूळ सूचना लिहिली, आणि तीच पाचही भाषांना वापरली जाणार होती. 'तू गावातली अनुभवी आजी आहेस. सुना-लेकींची बाळंतपणं केली आहेत. नव्या बाळंतिणीच्या शेजारी बसून बोलते आहेस. पुस्तकी बोलू नकोस.' पहिले संदेश सुंदर उतरले. आम्हांला हे काम दिलेल्या संस्थेच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ते तपासून मान्य केले. सूचना बरोबर आहे असं सगळ्यांनीच धरलं, आणि पुढचे संदेश भराभर होत गेले. वेळ कमी होता, म्हणून नंतरचे अधूनमधूनच ऐकले गेले. सोमवारपासून फोन सुरू होणार होते.

नेमकी त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण मार्था जालन्याला बाळंत झाली होती. बाळ वेळेआधी आलं होतं, मुठीएवढं. काही दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलं होतं. रविवारी दुपारी, चर्चमधून आल्यावर, मी आईला फोन केला आणि कौतुकानं आमचे संदेश ऐकवायला घेतले. आई मन लावून ऐकत होती. सात-आठ संदेश झाले असतील. मग फोनमधून तो प्रेमळ आवाज आला, 'पोरी, बाळ रडतंय, पोट दुखत असेल गं त्याचं. थोडी बाळगुटी उगाळ आणि मधाच्या बोटानं चाटव...'

आई एकदम खुलली. "बघ! मी म्हणतच होते. मार्था ऐकत नाही, म्हणते डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्यात. आता तर तुझ्या दिल्लीच्या कंपनीचाच फोन आला. थांब, सहाण काढते."

मी ओरडले, "आई, नको! ते चुकलंय. सहाणेला हात लावू नकोस. मार्थाला फोन दे." मार्थाला सगळं सांगून, तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच फोन ठेवला. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. तरी ते वाक्य आमच्याच आवाजात, आमच्याच फोनवरून गेलं असतं. माझ्या आईला त्यावर विश्वास ठेवायला एक क्षणही लागला नव्हता.

मी शैलाताईंना फोन केला आणि तो संदेश ऐकवला. त्या म्हणाल्या, "परत ऐकव." ऐकवलं.

"नटाची चूक नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "मी त्याला आजी हो म्हटलं, तो आजी झाला. आजी काय देते? गुटी देते. मी त्याला भूमिका दिली आणि संहिता दिलीच नाही. रिकामी जागा दिसली की तो भरणारच. हे माझं काम होतं, रूथ."

त्यांनी मला लाइनवर ठेवूनच करणला जोडलं. तो कुठल्याशा मॉलमध्ये होता, मागे गाणी वाजत होती.

"ताई, एक लाइन है ना? निकाल देते हैं. कल लॉन्च है."

"एक लाइन मिली है, करण. और कितनी हैं, तुम्हें पता है? मुझे नहीं पता. पाँचों भाषाएँ उसी प्रॉम्प्ट से बनी हैं."

"क्लायंट को क्या बोलूँगा मैं?"

"बोलो, शैला दिघे ने ग़लत प्रॉम्प्ट लिखा. मेरा नाम लो. नौकरी से निकालना हो तो बाद में निकालना. पर कल एक भी फोन नहीं जाएगा. जाने लगा तो डॉक्टर साहिबा को मैं खुद बताऊँगी."

गाणी बंद झाली. करण बहुतेक बाहेर आला होता. "ठीक है," तो म्हणाला. "रोकता हूँ."

सोमवारी फोन गेले नाहीत. संस्था नाराज झाली, करणनं वरच्यांची बोलणी खाल्ली, पण त्यानं शैलाताईंचं नाव घेतलं नाही. बालरोगतज्ज्ञ बाई स्वतः येऊन बसल्या आणि पाचही भाषांतला एकेक संदेश पहिल्यापासून तपासला गेला. हिंदीतली आजी बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायला सांगत होती. दुसऱ्या एका भाषेतली आजी उन्हाळ्यात चमचाभर उकळलेलं पाणी पाजत होती. सगळ्या आज्या गोड बोलत होत्या. करण ते वाचून नुसता मान हलवत राहिला.

शैलाताईंनी डोकं धरून बसण्यात वेळ घालवला नाही. मला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुझी आई ऐकत होती तेव्हा तिचा चेहरा कसा होता?"

"दिसत नव्हता. पण खूश झाली होती. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं ना. डॉक्टरांचा शब्द शेवटचा, मार्था शिकलेली, आणि तिला सगळे नुसतं 'हे करू नको, ते करू नको' म्हणत होते."

शैलाताईंनी डोळे मिटले. नंतर जी सूचना त्यांनी बोलून लिहवली ती मला आजही आठवते. "तू आजी नाहीस. तू आजीच्या ओळखीची, दवाखान्यात काम केलेली बाई आहेस. बाळंतीण ऐकते आहे, पण फोन स्पीकरवर आहे आणि आजीसुद्धा ऐकते आहे. आजीनं मुलं वाढवली आहेत, तिला अडाणी ठरवू नकोस. तिला नुसतं अडवू नकोस, काम दे. सोबत डॉक्टरांनी तपासलेला मजकूर आहे. दूध, औषध, ताप, झोप यांच्याबद्दल त्यात आहे तेवढंच सांग. त्यात नसेल तर मनानं भरू नकोस, मला लिहून कळव की हे मजकुरात नाही." आणि आम्हांला म्हणाल्या, "यानंतरही प्रत्येक संदेश डॉक्टर ऐकतील. प्रत्येक. मी लिहिलेली सूचना कितीही छान वाटली तरी."

नव्या संदेशात बाई म्हणत होती, 'आजी, तुम्हीही जवळ या. सहा महिने बाळाला आईचं दूधच, गुटी, मध, पाणी काही नको. पण त्याला ऊब लागते, आणि आई थकलेली आहे. बाळाचं दुपटं बाजूला करा, त्याला तुमच्या उघड्या छातीशी उभं धरा, वरून शाल घ्या...' डॉक्टरबाईंनी मान्य केल्यावर तो संदेश मी आईला ऐकवला. आई नुसतं "बरं" म्हणाली. दोन दिवसांनी मार्थाचा तक्रारीचा फोन आला, "ताई, आई बाळाला छातीशी घेऊन बसते ती मला देतच नाही. दूध पाजायलासुद्धा मागून घ्यावं लागतं." मी तिथेच ऑफिसात मोठ्यानं हसले. शैलाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आईला सांग, पार्ट मस्त केला." बाळाचं वजन वाढू लागलं. आठवड्यानं फोन सुरू झाले, आणि ते काम चाललं.

पुढच्या हिवाळ्यात शैलाताईंनी नोकरी सोडली. एका रेकॉर्डिंगमध्ये आम्हां सगळ्यांना एक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला, त्यांना आला नाही. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा आला नाही. कानांच्या तपासणीत कळलं, की वरचे सूर त्यांना ऐकू येत नाहीत, आणि बाकीचेही जाताहेत. करणनं खूप समजावलं. "ताई, आप तो लिखती हैं. उसमें कान का क्या काम?"

"कान का ही काम है, बेटा. बोलना तो आधा है. जो वापस आया वो सुनना पड़ता है," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती. त्यांनी त्यांच्या सगळ्या सूचना आमच्या हवाली केल्या आणि बजावलं, "वापरा. पण आंधळेपणानं नको. या त्या त्या माणसांसाठी लिहिलेल्या आहेत. तुमची माणसं वेगळी असतील."

त्यांच्या शेवटच्या दिवशी, निरोपाचे सामोसे खात असताना, माझ्या वडिलांचा फोन आला. पपा निवृत्त शिक्षक. त्यांनी जालन्याच्या एका शाळेत माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. दर वेळी विचारायचे, "मग, काय ठरवलंस?" आणि मी म्हणायचे, "बघू, पपा." त्या दिवशीही तेच म्हटलं. इकडे करणनं मला मराठी गटाची प्रमुख होण्याविषयी विचारलं होतं, आणि मला ते हवं होतं.

शैलाताईंना फोनवरचं पपांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण माझं आलं होतं.

"मशीनला दोनशे शब्द देतेस, आणि बापाला 'बघू'?" त्या म्हणाल्या. "दोन अक्षरं! त्यावर ते स्वतःच्या मनानं काय काय भरत असतील. पोरगी हरली, पोरगी एकटी आहे, पोरगी लपवते आहे. कोणीही भरेल, यार."

पुढच्या रविवारी मी पपांना फोन केला. मी काय काम करते, ते कुणाच्या कानावर जातं, कुठे राहते, शेजारी कोण आहेत, परीक्षेचं दुःख किती उरलंय आणि कशाची भीती वाटते, सगळं सांगितलं. शाळा का नको तेही सांगितलं. "मला इथेच राहायचंय, पपा. परवानगी मागत नाहीये. तुम्हांला हे बरं वाटतंय का, ते सांगा."

पपा म्हणाले, "एवढं सगळं तुझ्या मनात होतं, आणि मला वाटत होतं तुला लाज वाटते म्हणून तू येत नाहीस." मग म्हणाले, "राहा. आणि तो गुटीचा किस्सा मला पुन्हा सांग, तुझी आई नीट सांगत नाही."

मी तशीच मेट्रो पकडून पटपडगंजला गेले. शैलाताई बाल्कनीत उन्हात बसल्या होत्या, कानाचं यंत्र मांडीवर काढून ठेवलेलं. मी दारातूनच सांगितलं, त्यांना कळलं नाही. जवळ जाऊन सांगितलं, तरी नाही. शेवटी मी इतक्या जोरात ओरडले, की खालच्या बागेतल्या बायका वर बघायला लागल्या, "पपा हो म्हणाले!"

शैलाताईंनी यंत्र कानात बसवलं, शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "ते कळलं गं. तू काय म्हणालीस, ते सांग."